किडनी ट्रान्सप्लांटसाठी ऑनलाइन मदत गोळा करणारी साइट, आमचा अनुभव
दाजींच्या ट्रान्सप्लांटसाठी लातूरहून पेज काढलं, किडनी ताईनंच दिली. दवाखान्याचं एस्टिमेट, आधार, रिपोर्ट टाकले की पेज चालू, अन् पैसा थेट दवाखान्याच्या खात्यात जातो म्हणून देणाऱ्यालाबी भरवसा वाटतो, हे लई चांगलंय. पण पैसे भरताना टिपचा, म्हणजे साइटला वरून द्यायच्या पैशाचा, आकडा आधीच टाकलेला असतो, आमच्या गावचे रिटायर मास्तर हजार द्यायला गेले अन् जास्तच कटले, कळलंबी नाही त्यांना. हे अजिबात बरोबर नाही, तो आकडा शून्य करूनच पे करा.

टार्गेट लावताना नुसतं ऑपरेशन धरू नका, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर चालतात, तपासण्या वेगळ्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जबी ऑपरेशनच्या आधीच टाका, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, झालेला खर्च नंतर परत मिळत नाही.