गोंडलचा नवलखा पॅलेस : चाळीस मिनिटांत न मावणारे संस्थान

सौराष्ट्र दर्शनाच्या सहलीला जाणारे मराठी प्रवासी सोमनाथ, द्वारका, गीर आणि जुनागढ मनापासून पाहतात. राजकोटहून जुनागढकडे जाताना लागणारे गोंडल मात्र त्यांच्यासाठी बहुधा चहा आणि गाठियाचा थांबा असतो. पाच वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. आमच्या सहल कंपनीने कार्यक्रमपत्रिकेत ‘राजवाडा दर्शन’ असे ठळक छापले होते. प्रत्यक्षात दोन वाड्यांना मिळून चाळीस मिनिटे मिळाली, आणि बरोबरच्या मार्गदर्शकाने राजपूत राजे किती थाटात राहत, एवढेच सांगून सर्वांना बसमध्ये बसवले. यंदा जानेवारीत आम्ही पतिपत्नी राजकोटला मुक्काम ठेवून केवळ गोंडलसाठी एक पूर्ण दिवस राखून गेलो. तो दिवस इतका सार्थकी लागला की हे परीक्षण लिहिल्यावाचून राहवले नाही.

नवलखा पॅलेस गोंडली नदीच्या काठी उभा आहे. नऊ लाख रुपये खर्च झाला म्हणून हे नाव पडले, असे गावात सांगतात. दोन शतकांहून जुन्या या वाड्याचे खरे वैभव दगडात आहे. कोरीव कमानी, खांबांच्या रांगा असलेला चौक, नदीकडे झुकलेले झरोके आणि वर चढत जाणारा गोल जिना यांवरचे नक्षीकाम इतके बारीक आहे की प्रत्येक कमानीपाशी थांबावेसे वाटते. दरबार दालनातील झुंबरे, आरसे आणि जुने लाकडी सामान मन प्रसन्न करते. शिकारीची स्मृतिचिन्हे आम्ही फार वेळ पाहिली नाहीत. आमचा वेळ गेला तो चांदीच्या पेट्यांच्या दालनात. पण त्या पेट्यांचे मोल कळायला हे घराणे कोण, हे आधी माहीत असावे लागते.

गोंडलचे राजे जाडेजा राजपूत. हे कूळ स्वतःला चंद्रवंशी यादव म्हणवते आणि आपले मूळ सिंधमधील सम्मा घराण्यातून कच्छमार्गे आल्याचे सांगते. या वंशावळी बारोटांच्या वह्यांतून आणि चारणांच्या कवनांतून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. त्यांतील पौराणिक भाग श्रद्धेचा मानला, तरी कच्छमधून नवानगर (आजचे जामनगर), नवानगरमधून राजकोट आणि राजकोटमधून गोंडल ही अलीकडची साखळी इतिहासाला ठाऊक आहे. १६३४ च्या सुमारास राजकोटच्या शाखेतील कुंभोजी यांनी गोंडलचे वेगळे घर उभे केले. काठियावाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, धाकट्या मुलांना निर्वाहासाठी गावे तोडून देण्याची रीत होती. त्या हिश्श्याला गिरास आणि हिस्सेदारांना भायात म्हणत. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पडत गेल्या आणि भाऊबंदकी वाढत गेली, तसेच तिथे राज्यांचे झाले. ब्रिटिश अमदानीत एका काठियावाड द्वीपकल्पात लहान-मोठी दोनशेहून अधिक संस्थाने होती, आणि त्यांतील काहींचा विस्तार मोजक्या गावांपलीकडे नव्हता. या वाटण्यांच्या प्रदेशात गोंडल उलट वाढले. अठराव्या शतकात दुसऱ्या कुंभोजींनी धोराजी आणि उपलेटा हे संपन्न परगणे मिळवले. एकोणीसशेच्या आसपास संस्थानाचे क्षेत्रफळ १,०२४ चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या १,६२,८५९ होती.

मराठी पाहुण्याने इथे आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. मुलूखगिरी हा आपला शब्द काठियावाडात आदराने उच्चारला जात नसे. गायकवाडांच्या आणि पेशव्यांच्या फौजा खंडणी वसूल करण्यासाठी या मुलखात उतरत, आणि पिके उभी असताना आलेली फौज म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्यांनी भोगले आहे. १८०७ मध्ये कर्नल वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याने बडोद्याच्या वतीने संस्थानिकांशी करार करून खंडणीचे आकडे कायम केले, तेव्हा हा फेरा थांबला. मात्र त्याबरोबरच इंग्रजांचा पायही या भूमीत रोवला गेला. गोंडल पुढेही इंग्रज, गायकवाड आणि जुनागढचे नवाब या तिघांना देणे देत राहिले. आपल्या पराक्रमाच्या कथा आपण अभिमानाने सांगतो, म्हणून त्यांची दुसरी बाजू पाहण्याची जबाबदारीही आपली आहे, असे मला त्या चौकात उभे असताना प्रकर्षाने वाटले.

आता त्या पेट्या. गोंडलचे महाराज सर भगवतसिंहजी यांना निरनिराळ्या प्रसंगी मानपत्रे देण्यात आली, आणि ती ज्या चांदीच्या पेट्यांतून अर्पण झाली, त्या येथे ओळीने मांडल्या आहेत. कारागिरी सुंदर आहेच, परंतु मला त्या कागदपत्रांइतक्या बोलक्या वाटल्या, कारण मानपत्र देणारा कोण आणि तो कशाबद्दल आभार मानतो, यावरून राजाचा कारभार उमगतो. जवळच मोठा तराजू आहे. १९३४ मध्ये, राज्याधिकार हाती घेतल्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, भगवतसिंहजींची तुला झाली आणि ते धन लोकोपयोगी कामांना दिले गेले. तुला म्हटल्यावर मराठी माणसाला रायगडावरील १६७४ चा राज्याभिषेक आठवतो, आणि तो विधी विसाव्या शतकात एडिंबरोहून वैद्यक शिकून आलेल्या राजाच्या बाबतीतही पाळला गेला, याचे आश्चर्य वाटत राहते.

हा राजा समजून घेण्यासाठीच मी गोंडलची शिफारस करतो. भगवतसिंहजींचा जन्म १८६५ चा. वडिलांच्या निधनामुळे १८६९ मध्ये, चार वर्षांचे असताना, ते गादीवर आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्याच संस्थेत कोल्हापूरचे शाहू महाराजही शिकले. १८८४ मध्ये पूर्ण अधिकार मिळाल्यानंतरही भगवतसिंहजींनी विद्यार्थीदशा सोडली नाही. त्यांनी एडिंबरो विद्यापीठात रीतसर वैद्यक शिकून पदवी घेतली आणि भारतीय वैद्यकाच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. संस्थानात मुलींचे शिक्षण सक्तीचे केले आणि जकातीसारखे अनेक कर काढून टाकले. राणी नंदकुंवरबा यांनी पडदा सोडला, पतीबरोबर जगप्रवास केला आणि त्या प्रवासाचे वर्णन गुजराती वाचकांसाठी लिहिले. राजपूत अंतःपुराची रीत पाहता त्या काळी हे पाऊल किती मोठे होते, हे वाड्याच्या झरोक्यांकडे पाहताना कळते. आतून बाहेरचे सगळे दिसावे आणि बाहेरून आतले कोणी दिसू नये, याच हेतूने अशा झरोक्यांची रचना होत असे.

भगवतसिंहजींचे सर्वांत टिकाऊ काम मात्र दगडाचे नाही. ‘भगवद्‌गोमंडल’ हा गुजराती भाषेचा नऊ खंडांचा महाकोश त्यांच्या पुढाकाराने तयार झाला. १९२८ मध्ये काम सुरू झाले, १९४४ पासून खंड प्रसिद्ध होऊ लागले आणि १९५५ मध्ये, म्हणजे राजा आणि राज्य दोन्ही नाहीसे झाल्यावर, शेवटचा खंड निघाला. त्यात २ लाख ८१ हजारांवर शब्द आहेत. चंदुलाल पटेल यांनी हे संपादनाचे ओझे शेवटपर्यंत वाहिले. आपल्याकडे कोशकार्याची परंपरा मोठी आहे आणि त्यामागचे कष्ट आपण जाणतो. एका हजार चौरस मैलांच्या संस्थानाने असे काम अंगावर घ्यावे, याबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे. वाडा पाहण्याआधी या कोशाचा एखादा खंड ग्रंथालयात चाळून गेलात, तर दालनांतील वस्तू वेगळ्याच दिसतील.

ही प्रशंसा अमर्याद नाही. इतका चांगला कारभार अखेर एका माणसाच्या बुद्धीवर आणि इच्छेवर चालत होता. तसा माणूस नसला की काय होते, ते अवघ्या चाळीस किलोमीटरवर, जाडेजांच्याच राजकोट शाखेत दिसले. तिथे ठाकोर धर्मेंद्रसिंहजींच्या राजवटीविरुद्ध १९३८-३९ मध्ये सत्याग्रह झाला, वल्लभभाई पटेल त्यात उतरले, कस्तुरबांना अटक झाली आणि गांधीजींनी उपोषण केले. रक्त एकच, रीत एकच आणि शेजार एकच असूनही प्रजेच्या वाट्याला आलेले दोन राजे इतके वेगळे होते. सहलीत गोंडल आणि राजकोट ही दोन्ही ठिकाणे असतातच. मार्गदर्शकाने एवढी एक गोष्ट जरी सांगितली असती, तरी त्या चाळीस मिनिटांचे सोने झाले असते. १९४८ मध्ये सौराष्ट्र संघ स्थापन झाला आणि ही सारी राज्ये त्यात विलीन झाली.

गोंडलच्या दुसऱ्या वाड्यातील, ऑर्चर्ड पॅलेसमधील, जुन्या मोटारींचा संग्रह दुपारी पाहावा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाड्यांपासून डेमलर, पॅकार्ड आणि मोठाल्या कॅडिलॅकपर्यंत बरेच काही तेथे आहे. मोटारींची आवड असलेल्यांना तासही पुरणार नाही, मला अर्धा तास पुरला. संस्थानाचा रेल्वेचा खास डबा मात्र मी आवर्जून पाहीन, कारण भावनगर आणि गोंडल या संस्थानांनी मिळून काठियावाडात १८८० च्या सुमारास लोहमार्ग आणला आणि या भागातील शेतमालाचे नशीब त्यामुळे पालटले.

नियोजनाबद्दल थोडे. राजकोटहून एसटीने किंवा खासगी गाडीने तासाभरात गोंडल येते. दोन्ही वाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. नवलख्याला सकाळचे किमान दोन तास द्यावेत, कारण त्या वेळी झरोक्यांवरचे कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसते. ज्येष्ठांनी गोल जिना सावकाश चढावा. मुलांना आधी घरी कुंभोजी आणि भगवतसिंहजी यांच्याविषयी सांगून ठेवावे. गट मोठा असेल तर सहल ठरवतानाच आयोजकांकडून गोंडलसाठी अर्धा दिवस लेखी मागून घ्यावा, आणि नुसते ‘राजवाडा दर्शन’ असे मोघम उत्तर मिळाले तर पुन्हा विचारावे. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर परतताना बाजार समितीच्या आवाराकडे वळावे. लाल मिरचीचे ढीग तिथे दूरवर पसरलेले असतात, आणि धोराजी-उपलेट्याच्या सुपीक मुलखासाठी दुसऱ्या कुंभोजींनी एवढा आटापिटा का केला, ते त्या ढिगांमधून चालताना लक्षात येते.