बर्फातील माणसे: ओल्या रंगावर की वाळलेल्या थरावर?

तैलरंगात हिमाच्छादित दृश्य रंगवताना माणसे बर्फाचा रंग ओला असतानाच काढावीत की तो वाळल्यावर, असा प्रश्न साताऱ्यातील एका विद्यार्थिनीने विचारला आहे.

कडांच्या बाबतीत ओली पद्धत निःसंशय सरस आहे. बुटाचा गडद रंग भोवतीच्या पांढऱ्यात किंचित मिसळतो आणि पाऊल खरोखर रुतलेले दिसते. वाळलेल्या थरावरची आकृती मात्र चिकटवल्यासारखी वाटू शकते. तेथे घोट्यापाशी निळसर पांढऱ्याचा एक फटकारा पुन्हा द्यावा लागतो.

रंगाच्या शुद्धतेत मात्र उलट घडते. बर्फासाठी वापरलेल्या ओल्या टायटॅनियम व्हाइटमध्ये (एक पांढरा रंग) लाल शाल पाहता पाहता गुलाबी होते आणि काळा कोट राखाडी पडतो. आकृतीपुरती जागा पॅलेट नाइफने (रंग मिसळण्याच्या बोथट सुरीने) आधी खरवडून घेतली, तरच हे बऱ्याच अंशी टळते. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेलच्या १५६५ मधील बर्फातील शिकाऱ्यांच्या चित्रासारख्या ठाम गडद आकृत्या हव्या असतील, तर वाळलेला थरच घ्यावा. शिवाय त्यावर चुकलेली आकृती कापडाने पुसता येते, बर्फ शाबूत राहतो.

वेळ मात्र द्यावा लागतो. टायटॅनियम व्हाइट मुळातच सावकाश वाळतो, आणि साताऱ्याच्या पावसाळी दमट हवेत आणखी रेंगाळतो. वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा थोडे अधिक ठेवावे, अन्यथा पुढे तडे जातात. झिंक व्हाइट हा दुसरा पांढरा रंग ठिसूळ होत असल्याने तो खालच्या थरात टाळलेलाच बरा.

दूरवरच्या, लहान, धुक्यात विरणाऱ्या माणसांसाठी आणि एका बैठकीतील अभ्यासचित्रासाठी ओली पद्धत योग्य. चेहरे, वस्त्रांचे तपशील आणि उठावदार रंग हवे असणाऱ्याने थर वाळू द्यावा.