ब्लॅक्युला : गालावरच्या केसांसकट

माझं अख्खं आयुष्य नाटकवाल्यांच्या तोंडाला रंग लावण्यात गेलं. त्यामुळे भुताचा सिनेमा लागला की मी आधी भुताचे गाल बघतो. भाच्याने स्क्रीम फॅक्टरी कंपनीची ब्लू-रे आणली होती. एकाच डिस्कवर 'ब्लॅक्युला' (1972) आणि त्याचा दुसरा भाग 'स्क्रीम ब्लॅक्युला स्क्रीम' (1973). "मामा, हसून हसून मराल," म्हणाला. नाव ऐकून मीही त्याच तयारीने बसलो.

सुरुवातीला हसूच येईना. साल 1780, ट्रान्सिल्व्हेनिया. मामुवाल्डे नावाचा आफ्रिकन राजपुत्र बायकोला घेऊन ड्रॅक्युलाकडे आलाय. गुलामांचा व्यापार थांबवायला मदत करा, एवढंच मागणं. ड्रॅक्युलाची नजर त्याच्या बायकोवर. शेवटी तो राजपुत्राला चावतो, चेष्टेने आपल्याच नावाची शेपूट त्याला जोडतो आणि शवपेटीत कोंडून टाकतो. बायको बाहेर, त्याच बंद खोलीत, मरायला ठेवलेली.

हा राजपुत्र आधी लिहिलेलाच नव्हता. मुख्य काम करणाऱ्या विल्यम मार्शलने हट्ट धरला, पात्राचं नाव बदलून घेतलं आणि त्याला हा इतिहास मिळवून दिला. सिनेमा त्या हट्टावर उभा आहे. मार्शल ऑथेल्लो केलेला माणूस. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, आणि आवाज असा की शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेत माईकशिवाय पोचावा.

आता माझ्या खात्याचं. राजपुत्राला रक्ताची तहान लागली की त्याच्या भुवया झुडपासारख्या वाढतात आणि गालांवर केस उगवतात. क्रेपचे खोटे केस आणि ते चिकटवायचा स्पिरिट गम, एवढंच काम, कुठे चिकटवलंय तेही कळतं. आमच्याकडे एखाद्या पोराने असे गाल करून नटाला विंगेत पाठवलं असतं तर मी त्याला परत बोलावलं असतं. बाकीच्या पिशाच्चांच्या तोंडाला नुसता हिरवट राखाडी रंग थापलाय. सुमारे 5 लाख डॉलरचा सिनेमा, अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सचा, त्यात रंगाला कितीसे मिळणार! पण मार्शल त्या केसांसकट असा चालतो की हसणाऱ्याला आपलीच लाज वाटावी.

आणि एक जागा मात्र कमालीची. शवागारातला नोकर, एका हाताला आकडा बसवलेला. बाईचं प्रेत बाहेर काढून दार लावून घे असं त्याला बजावलेलं, आणि तो फोनच्या नादात विसरतो. मग ते प्रेत, म्हणजे राजपुत्राने चावलेली टॅक्सीवाली बाई, लांब बोळातून हात पसरून, तोंड वासून, संथ गतीत थेट आपल्याकडे धावत येते. तोच स्वस्त राखाडी रंग, तरी माझ्या हातातला चहा हिंदकळला. भाचा गप्प.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. राजपुत्राची शवपेटी जवळपास दोनशे वर्षांनी लॉस एंजेलिसला आणणाऱ्या समलिंगी जोडप्याची सिनेमा जी टर उडवतो ती आज कानाला टोचते. पोलिसांची पळापळ लांबते. मधली क्लबातली गाणी मला आवडली, भाच्याने ती पुढे ढकलली. शेवट मी सांगू नये, पण सांगतो : हुबेहूब बायकोसारखी दिसणारी बाई त्याला लॉस एंजेलिसमध्ये भेटते, तीही गेल्यावर, म्हणजे दुसऱ्यांदा बायको गमावल्यावर, हा माणूस कुणी न ढकलता, स्वतःच्या पायांनी जिना चढून उन्हात जातो.

म्हणूनच दुसरा भाग पटत नाही. एवढा मानाने गेलेला माणूस वूडू नावाच्या मंत्रतंत्राने, हाडं वापरून परत उठवायचा, कारण पहिला चालला होता! दिग्दर्शक बदलला, विल्यम क्रेनच्या जागी बॉब केलजन. नटी पॅम ग्रिअर आहे, पण तिला बहुतेक वेळ घाबरायचं आणि विधी करायचा एवढंच काम. रस्त्यावर दोन दलालांना मामुवाल्डे सुनावतो की तुम्ही तुमच्याच बहिणीला गुलाम केलंत, तेवढ्यापुरता जुना राजपुत्र परत दिसतो.

बाकी लक्षात राहतो तो या भागात पिशाच्च झालेला विलिस. पार्टीसाठी नटूनथटून आरशासमोर उभा राहतो आणि आरशात कुणीच नाही. मेल्याचं दुःख नाही, कपडे कसे दिसतायत ते कळत नाही याचं दुःख! असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नाही. आरसा नाही म्हटल्यावर, मी सांगेन तेच खरं.