स्वतःचं स्त्रीबीज की दात्रीचं? इंदूरमध्ये उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी

वय चाळिशीपार, एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) एकच्या खाली, एक आयव्हीएफ फसलेलं, आणि डॉक्टर म्हणतात, "अब डोनर एग के बारे में सोचिए." खंडवा-बुऱ्हाणपूरहून पहाटेच्या बसने इंदूरला आलेली जोडपी पुष्कळदा त्याच दिवशी सही करून परततात. मी या उपचारातून गेले आहे, म्हणून कळकळीने सांगते: निदान पंधरा दिवस घ्या.

आधी हे पाहा की अडचण बीजातच आहे का. वय वाढतं तशी स्त्रीबीजातली गुणसूत्रं नीट विभागली जाईनाशी होतात, म्हणून 43 च्या पुढे स्वतःच्या बीजाने मूल घरी येण्याची शक्यता दर प्रयत्नाला एक आकडी टक्क्यांवर उतरते. गर्भाशय त्या मानाने पुष्कळ उशिरापर्यंत साथ देतं. तरुण दात्रीचं बीज घेतलं तर शक्यता कित्येक पटींनी वाढते ती यामुळेच. पण गर्भाशयाचं अस्तर पातळच राहत असेल, गर्भाशयात क्षयरोग होऊन गेला असेल, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, पोकळीत शिरला असेल किंवा नवऱ्याच्या शुक्राणूंत दोष असेल, तर बीज बदलून तेवढ्याने भागणार नाही. या तपासण्या झाल्याशिवाय दात्रीच्या वाटेला जाऊ नका. उलट वय पस्तिशीतलं आणि एएमएच तेवढा कमी असेल तर आणखी एकदा स्वतःच्या बीजावर प्रयत्न करणं मला रास्त वाटतं. एएमएच बीजांची संख्या सांगतो, प्रत वयावर ठरते. त्रेचाळिशीत मात्र तिसऱ्यांदा स्वतःच्या बीजावर पैसा आणि शरीर झिजवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःच्या बीजासाठी दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढणं. दुसऱ्या वाटेत हे सगळं दात्री सोसते. तुमच्याकडे उरतं अस्तर तयार करणं: साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर 7-8 मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन, आणि त्याच्या सहाव्या दिवशी पाच दिवसांचा भ्रूण आत सोडतात. ट्रान्सफरला बहुधा भूल लागत नाही. पण प्रोजेस्टेरॉनला सोपं समजू नका. इंजेक्शनातलं हे तेलातलं औषध इतकं दाट असतं की कुपी तळहातांत धरून कोमट केल्याशिवाय ते सुईतून धड उतरत नाही. सुई टोचलेल्या जागी गाठी धरतात, आणि रात्री कूस बदलताना त्या चांगल्याच जाणवतात. दिवस राहिले तरी दहा-बारा आठवडे औषधं चालू राहतात.

दात्रीच्या बीजाने राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा, प्री-एक्लॅम्प्सियाचा (रक्तदाब वाढून आई-बाळाला अपाय करणारा गरोदरपणातला आजार) धोका जास्त असतो. घरी बीपीचं मशीन घ्या, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांपासून दात्रीची गोष्ट लपवू नका.

2021 च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्याने दात्रीची वाट बरीच आखून दिली आहे. दात्री 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, आणि तिचं बीज एकाच जोडप्याला जातं. तिचा 12 महिन्यांचा विमा तुम्ही भरायचा. उपचार घेणाऱ्या बाईच्या वयाची मर्यादा 50, पुरुषाची 55. या सात बीजांचा हिशेब आधीच समजून घ्या: सगळी परिपक्व नसतात, सगळी फळत नाहीत, शेवटी हाती दोन-तीन चांगले भ्रूण आले तर ठीक म्हणायचं. गोठवलेली बीजं असतील तर वितळवताना एखाददुसरं जातंही. धाकटी बहीण आपणहून तयार होते, असं आपल्या घरांत हमखास घडतं. पण दात्रीची तपासणी आणि निवड नोंदणीकृत बीज-बँकेनेच करायची असते, तेव्हा तिला शब्द देण्याआधी विचारा. नवरा थॅलसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा वाहक असेल तर दात्रीचा तो रिपोर्ट मागाच.

गरोदरपणाची ओढ नसेल, मूलच हवं असेल, तर दत्तकाचा विचार आजच करा. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या वर चालत नाही, आणि प्रतीक्षा वर्षांची असते.

कायद्याने मूल पूर्णपणे तुमचंच, दात्रीचा हक्क राहत नाही. खरी कसोटी घरात लागते. माझ्या मुलीच्या बारशाला सुदामानगरच्या आत्याबाई म्हणाल्या, "कपाळ अगदी तुझ्यावर गेलंय गं." मला भरून आलं, आणि काय बोलावं ते सुचेना. अशी वाक्यं वर्षानुवर्षं ऐकावी लागतात. नवऱ्याचा अंश आहे, आपला नाही, हे दुःख ट्रान्सफरच्या आधी दोघांनी मोकळेपणी बोलून घ्या. मुलाला सांगायचं की नाही हेही तेव्हाच ठरवा. मी सांगण्याच्या बाजूची आहे. सात वर्षांच्या आत सांगितलेल्या घरांत आई-मुलांचं नातं पुढे अधिक चांगलं राहिल्याचं इंग्लंडमधल्या दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. शिवाय डीएनए चाचण्यांच्या काळात हे कायम लपेल असं धरून चालता येत नाही.

आणि बँकेने दिलेली दात्रीची वैद्यकीय माहिती फाइलमध्ये जपून ठेवा. बालरोगतज्ज्ञ आईकडच्या आजारांबद्दल विचारतील तेव्हा तुमच्या माहेरची शुगर सांगून उपयोग नाही.