तीन वर्षं की चार?

भाची विचारते, पुणे विद्यापीठातून बीएस्सी तीन वर्षांत संपवू की चौथं, ऑनर्सचं वर्षही करू?

एमएस्सी करायचीच असेल तर वेळ सारखाच: तीन अधिक दोन, नाहीतर चार अधिक एक. एमएस्सी नकोच असेल, तर चौथ्या वर्षाची फी आणि खोलीभाडं जादा.

खरा फरक संशोधनाचा. चार वर्षांत मिळून ७५ टक्के राखलेस तर एमएस्सी न करता पीएचडीला अर्ज करता येतो. पण कॉलेजात मार्गदर्शक आणि चालू प्रयोगशाळा हवी. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नकोस, सीनियर मुलांना गाठ.

एमपीएससी, बँक डोक्यात असेल तर तीन वर्षं पुरतात. विषयाची ओढ असेल तर चौथं कर, मात्र हव्या त्या विद्यापीठात एक वर्षाची एमएस्सी सुरू आहे का, ते आधी बघ.