सहीचा दाब मोजायचा की नुसतं चित्र ठेवायचं?

पतसंस्थेनं कागदाऐवजी स्क्रीनवर सही घ्यायचं ठरवलं की विक्रेता दोन पर्याय पुढे ठेवतो: साध्या टॅबवर बोटानं सही, नाहीतर दाब ओळखणारा पेन-पॅड. स्वस्त पहिलाच.

पण बोटाच्या सहीतून हाती लागतं ते बहुतेक वेळा नुसतं चित्र. कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर ओढलेला फराटा आठवा; तो आपलाच, हे आपणही शपथेवर सांगणार नाही. वॅकॉम कंपनीच्या एसटीयू-४३० सारखा पॅड सेकंदाला २०० वेळा पेनाची जागा टिपतो आणि दाब १०२४ पायऱ्यांत मोजतो. दुसऱ्याची सही गिरवणाऱ्याला आकार दिसतो, दाब दिसत नाही. तो जपून, सावकाश गिरवतो, त्यामुळे दाब बराचसा एकसारखा पडतो. सरावाच्या सहीत हात कुठे रुततो, कुठे निसटतो.

तरी एकट्या दाबावर मी भिस्त ठेवणार नाही. २००४ च्या एसव्हीसी या सही-पडताळणी स्पर्धेत एका गटात फक्त पेनाची हालचाल दिली होती, दुसऱ्यात दाब आणि पेनाचा कलही. अस्सल सही नाकारणं आणि सराईत नक्कल स्वीकारणं या दोन्ही चुकांचं प्रमाण जिथे समसमान होतं, तिथला चुकांचा सर्वात कमी दर पहिल्या गटात २.८४ टक्के आला, दुसऱ्यात २.८९. म्हणजे जास्त माहिती मिळूनही निकाल सुधारला नाही! दाब चंचल असतो. उभ्यानं सही केली, पेन बदललं, हात थरथरला की आकडे हलतात. खरं काम वेग आणि लय करतात; दाब जोडीला.

विक्रेत्याकडे कच्चे आकडे मागाच. सही ब्राउझरमधून घेतली जात असेल तर ब्राउझरच्या मानकानुसार दाब न ओळखणारं उपकरण स्पर्श असेपर्यंत सरसकट ०.५ कळवतं. सगळीकडे तोच आकडा दिसला तर ‘दाब-तपासणी’ फक्त जाहिरातीत आहे.

आणखी एक घोळ नावाचा. पॅडवरची सही म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली ‘डिजिटल स्वाक्षरी’ नव्हे. डिजिटल स्वाक्षरी हाताच्या वळणावर नाही, गणिती किल्ल्यांवर, म्हणजे संगणकानं बनवलेल्या लांबलचक आकड्यांवर चालते. घरबसल्या कर्जाचे कागद करणाऱ्या सभासदाकडून आधारवरची ई-साइन (आधारनं ओळख पटवून केलेली ऑनलाइन सही) घ्या, पॅडचा विचारच नको.

काउंटरवर रोज तीच माणसं येत असतील तर मात्र पॅड घ्या. सगळ्या शाखांत एकच मॉडेल ठेवा आणि नमुना सह्या एका बैठकीत न उरकता वेगवेगळ्या दिवशी घ्या.