कॅमेरा चालू, अ‍ॅप म्हणतं ‘ऑफलाइन’ : आठ महिने वापरल्यानंतर

रात्री पावणेबाराला अ‍ॅप उघडलं तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. आई घरी एकटी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर घेऊन चालते आणि रात्री बाथरूमला हॉलमधूनच जावं लागतं, म्हणून तर हॉलमध्ये कॅमेरा लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल केला. बराच वेळ वाजल्यावर उचलला. “अगं, झोपले होते मी. तुझ्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलाय की!”

पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग एक सेकंदही न तुटता पूर्ण होतं. एक हात वॉकरवर, दुसऱ्याने भिंतीवर बटण चाचपडत आई फोनपर्यंत येताना दिसत होती. माझ्या फोनसाठी अंधारात उठली होती. तिच्या फोनला मोबाइल डेटा नाही, कॉल घरच्या वायफायवरच लागला होता. म्हणजे कॅमेरा चालू, वायफाय चालू, नेटही चालू. बंद होतं ते कंपनीचं सर्व्हर, आणि अ‍ॅप ऑफलाइन ठरवत होतं माझ्या घराला.

चित्र छान आहे, अंधारातही चेहरा ओळखू येतो, आवाजही बरा. त्याबद्दल तक्रार नाही. माझा राग या एका शब्दावर आहे. लाइट गेली, वायफाय तुटलं, नेट गेलं की तुमचंच सर्व्हर झोपलं, चारही वेळा ‘ऑफलाइन’. लांबून आईकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला या चारांतला फरक कळायलाच हवा.

कस्टमर केअरला सहा फोन केले. पहिले चार जण म्हणाले, कॅमेरा रीसेट करा. रीसेटचं बटण पिन घालून दाबायचं, कॅमेरा छताजवळ. आईला स्टुलावर चढवू का? पाचव्याने महिन्याच्या वर्गणीचा क्लाउड प्लॅन घ्यायला सांगितलं. तो त्याच सर्व्हरवर चालतो, मग पैसे कशाचे? नाही घेतला. सहाव्याने राउटरमध्ये ८० आणि ५५४ हे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडायला सांगितलं. तेही केलं. बाहेरून काहीच दिसेना.

कारण राउटरच्या स्टेटस पानावर सापडलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. हा पट्टा सीजीनॅटसाठी राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडतात, म्हणून नेटवाले अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, तेच सीजीनॅट. अशा जोडणीत तुम्ही राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरची हाक नेटवाल्याच्या दारातच थांबते. डीडीएनएसचाही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) उपयोग नाही. पोर्टच्या खटपटीला बसण्याआधी हे पान बघा, माझे दोन रविवार गेले.

पोर्ट बाहेरून उघडला नाही ते एका अर्थी बरंच झालं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून ताब्यात घेतले आणि त्यांच्याच फौजेने मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. कॅमेऱ्याचं पान थेट इंटरनेटवर ठेवायला सांगणं हा सल्लाच चुकीचा आहे. राउटरमधलं यूपीएनपीही (घरातल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) मी तेव्हाच बंद केलं.

पहिल्या महिन्यात मी या कॅमेऱ्याला एक स्टार दिला होता. तो आता बदलतेय, कारण यात आरटीएसपी ही चित्र थेट पाठवायची पद्धत आहे, म्हणजे कंपनीच्या अ‍ॅपशिवायही चित्र मिळतं. कपाटात एक जुना रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) पडून होता. त्यावर आणि माझ्या फोनवर टेलस्केल टाकलं, ही उपकरणांना आपसांत जोडणारी व्हीपीएन सेवा. दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि मधला सगळा प्रवास एन्क्रिप्टेड असतो. पायला सबनेट राउटर, म्हणजे घरच्या नेटवर्कचं दार, केलं की घरातलं नेटवर्क फोनला दिसतं. दोन ठिकाणी अडले. एक, तो रूट (मार्ग) अ‍ॅडमिन पानावर जाऊन मंजूर करावा लागतो. दोन, घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१ हाच पट्टा होता, त्यामुळे पत्त्यांची गल्लत व्हायची. घरचा बदलून १९२.१६८.४७ केला, राउटरमध्ये कॅमेऱ्याला कायमचा एकच आयपी बांधून दिला आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र आलं.

आईला फोनवर म्हटलं, हात वर कर. “केला गं,” ती म्हणाली, आणि तिचं वाक्य संपतंय तोवर स्क्रीनवर हात वर गेला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हात दिसायचा तोवर तिने खाली घेतलेला असायचा. मोबाइल डेटावर सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) लावा. मुख्य स्ट्रीम २ एमबीपीएसची असली तरी तासाला ९०० एमबी खाते.

मग उत्साहात मी राउटरवरून कॅमेऱ्याचं बाहेरचं नेटच बंद केलं. एकदा लाइट जाऊन आली आणि चित्रावर तारीख पडली १ जानेवारी १९७०. घड्याळ लावायलाही त्याला बाहेरचं सर्व्हर लागत होतं. आता पायवरच एनटीपी (वेळ सांगणारी सेवा) चालू केलंय, वेळ बरोबर असते. हालचालीच्या सूचना मात्र गेल्या, त्या कंपनीच्या सर्व्हरवरूनच यायच्या. मला त्यांची उणीव भासते, हे खरं.

आज चार स्टार. पाचवा राखून ठेवलाय, कारण मागच्या महिन्यात फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि आरटीएसपी आपोआप बंद झालं. ते परत चालू करायची सोय फक्त अ‍ॅपमध्ये, आणि अ‍ॅप पुन्हा म्हणालं ‘ऑफलाइन’. कॅमेऱ्याचं नेट मीच तोडलं होतं हे मला माहीत होतं, म्हणून त्या रात्री आईला उठवलं नाही. राउटरवरून नेट सोडलं, आरटीएसपी चालू केलं, परत तोडलं. यापुढचं अपडेट मी घरी असेन तेव्हाच.